ओढतं पाऊल

— आणि ती सफरचंदं खिडकीत ठेवू नकोस, आत घे, आत! माकडं टपून बसलीयत समोर. परवा माझं वाळत घातलेलं पोलकं पळवलं मेल्यांनी, आणि त्या देवदारावर बसून एक जण अंगात घालून बघत होता — हसतेस काय, खरंच सांगतेय. हं, बस. सफरचंदं कशाला आणायची गं, आजारी आहे का मी? तालमीला आले नाही म्हणजे लगेच आजारी? चहा घे. तुम्हा गावाकडनं आलेल्या पोरींना इथला लोण्याचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी वाटतं, माहितेय मला, पण याकचं लोणी मी इथं धरमशालेत कुठनं पैदा करू? डब्यातलं आहे. मीठ जास्त टाकलंय, नाक दाबून पी. पिऊन टाक म्हटलं ना, लाजतेस काय.

तर कुंगोंनी पाठवलं तुला. मान हलवू नकोस, मला कळतं. संस्थेचा संचालक झालाय म्हणून कुंगो म्हणायचं, नाहीतर या रिगझिनचा शेंबूड पुसलाय मी, नाचताना नाडी सुटायची त्याची — जाऊ दे. तर कुंगो म्हणाले असतील, छुन्झोम, जा गेन-लांकडे, दोन गोड शब्द बोल आणि हो म्हणवून घे. मी हो म्हटलं की उद्या सकाळपासून तोशे नाचाची पावलं बदलायची. श्योतोनच्या सणाला नव्या पावलांनी नाच उभा करायचा. आणि शिकवणार कोण? तर तू. इतकी वर्षं तुमची गुरू, गेन-ला, म्हणून मी शिकवलं ते चूक, आणि तू हिवाळ्यात बर्फ तुडवत आलीस, अजून गालाचं कातडं सोललेलं आहे तुझं, तू बरोबर. नाही नाही, तुझ्यावर चिडलेली नाही मी. बरं, चिडलेय. थोडी चिडलेय. पण तू म्हणे कुंगोंना सांगितलंस, गेन-ला हो म्हणेपर्यंत मी नाचाच्या फळीवर पाय ठेवणार नाही. खरं का? — हं. हे कुणी शिकवलं तुला? आजकालच्या पोरी विचारत नाहीत कुणाला.

परवाचं मनात धरून बसलीस का? मीही बसलेय. पण बघ ना, सगळी ओळ एका चालीत चाललीय, ठक, ठक आणि तिसरं पाऊल ओढायचं, फळीवरनं, स-र्र-र — आणि मागच्या रांगेतनं कुणीतरी मधेच ठक करून पुढे. तू मागे होतीस, पाय दिसले नाहीत मला तुझे, नुसता आवाज आला. मी ओरडले, पाय ओढ! परत तेच. म्हटलं, कान आहेत की बटाटे? ओढ पाय, कुठल्या रानातनं आलीस! आणि त्या सगळ्या भवान्या फिदीफिदी हसल्या. आणि तू खाली बघून म्हणालीस, गेन-ला, आमच्या गावात नाही ओढत. एवढंच. हळूच. मी तर मुस्काटातच मारणार होते. पण कुंगोंनी विचारलं, कुठलं गाव — आणि तू नाव सांगितलंस. तिंग्रीच्या पठारावरचं तेच गाव, पा-लांचं, माझ्या वडिलांचं. हा नाच त्याच गावाचा, पा-लांनी तिथनं आणलेला. माझाही जन्म तिथलाच म्हणायचा, पण आठवत काही नाही, अगदी काही नाही. आणि त्या गावची पोर माझ्यासमोर उभी, आणि तिला मी रानातनं आलीस का म्हणून विचारतेय!

तुला अंदाज आहे का हे ओढतं पाऊल कुठवर गेलंय? लडाखला जा, तिथल्या शाळेतली पोरं ओढतात. खाली कर्नाटकात आपल्या वस्त्या आहेत ना, मक्याच्या शेतांतल्या, तिथं लग्नात चांगल्या ढेरपोट्या माणसांच्या पोटात दोन पेले छांग गेली की तीही ओढतात. कॅनडात गेलेल्या माझ्या पोरी, तिथं कुणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, कुणी दुकानात उभी राहते, रविवारी कुठल्यातरी चर्चच्या तळघरात जमतात आणि ओढतात. शाळांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून मी स्वतः गुण कापलेत, पाऊल नीट ओढलं नाही म्हणून — आणि ती गोरी बाई आलेली एकदा, अभ्यास करायला, तिनं विचारलं, हे ओढणं कशाचं द्योतक आहे? द्योतक! तेव्हाचे आमचे कुंगो मोठे हजरजबाबी, ते म्हणाले, याक खोल बर्फातनं चालतो ना, त्याची ती चाल. बाईनं लिहून घेतलं. मग आमच्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापून यायला लागलं, याकची चाल म्हणून. पा-लांना वाचून दाखवलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, याक म्हण, गाढव म्हण, काही म्हण, पोरं नाचतायत ना?

तो याक म्हणजे पा-ला, एवढं तर तुलाही कळलं असेल एव्हाना. उजवा पाय अधू होता त्यांचा. चंब्याकडे रस्त्याच्या कामावर होते, सगळेच होते तेव्हा, सीमा ओलांडून जे आले ते खडी फोडायलाच बसले — तर तिथं दगड पडला पायावर. झालं. मग कुणीतरी शोधत आलं, नाचगाणं येणारी माणसं गोळा करा, नाहीतर सगळं इथं डोंगरात गाडलं जाईल म्हणून, आणि पा-लांना इथं आणलं. पोरं दिली शिकायला. कसली पोरं, छुन्झोम! कुणाची आई वाटेत राहिलेली, कुणाचा बाप रस्त्याच्या कड्यावरनं गेलेला. अंगावर उवा, डोक्याचा गोटा. नाच कधी बघितलेला नाही. मी त्यांच्यातच, तेवढीच, पण मला आई-बाप होते, मी म्हणजे राणी. पा-ला फळीवर उभे राहायचे आणि करून दाखवायचे. ठक, ठक, आणि तिसऱ्याला तो पाय यायचाच नाही वर. ओढायचा. पोरं तसंच करायची. मग पा-ला ओरडायचे, पाय ओढू नका, उचला, उचला! पोरं त्यांच्या पायाकडे बघायची आणि परत ओढायची. करणार काय? कान सांगतात एक, डोळ्याला दिसतं दुसरं. लहान पोर डोळ्याचंच ऐकतं.

किती दिवस ओरडले असतील — घसा बसायचा त्यांचा. आमा-ला, माझी आई, म्हणायची, अहो, मेंढ्या हाकताय की पोरं शिकवताय. आणि मग एक दिवस थांबले. हे मला आठवतं, हे माझं स्वतःचं आठवणं आहे, कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा पत्र्याची शेड होती आमची, खाली त्या वळणाजवळ. आम्ही सगळे नाचतोय, ओढतोय, पा-ला भिंतीला टेकून उभे. आम्हाला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. बघत राहिले. सगळी ओळ लंगडत होती, एकूण एक पोर, त्यांच्यासारखी. त्यांनी तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाले, चांगलं आहे. असंच करा. तेव्हापासून उचला म्हणून कधी म्हणाले नाहीत. मी लहान होते, मला वाटलं, चला, जमलं आपल्याला.

म्हणून माझं डोकं फिरलं गं. तुझ्यावर नाही. कुंगोंनी काल सगळ्यांना बसवलं आणि भिंतीवर ती फिल्म लावली, कुणी प्रवाशानं तुमच्या गावात काढलेली, सुगीच्या दिवसांतली. माझ्यासाठी खुर्ची पुढे. म्हणाले, गेन-ला, बघा. मी म्हटलं, चष्मा विसरले. चष्मा गळ्यात होता माझ्या, दोरीला! सगळ्यांना दिसत होता. मी आपली खाली बघत बसले, हाताची नखं बघत. नुसता आवाज ऐकला फळ्यांचा, आणि पोरींचं कुजबुजणं — अय्या, कुणीच ओढत नाही. आणि कुंगो उभे राहून भाषण द्यायला लागले, खरं ते खरं, आपण इथं मूळ रूप जपायला बसलोय, एका माणसाच्या दुखापतीला परंपरा म्हणून मिरवणं बरं दिसत नाही. दुखापत! बरं दिसत नाही! अरे, तुला काय ठाऊक, तू जन्मलास इथं, दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर. त्या माणसाची बोटं बर्फानं काळी पडली, अक्रोडाच्या सालीसारखी, ती कापताना दातात चामड्याचा पट्टा दिला होता, आणि तू मला मूळ रूप —

घे ना, चहा निवला तुझा. दे, ओतून टाकते, दुसरा देते. — काय? काय बघतेस?

दगड. हो. दगडच म्हणाले मी मघाशी. चंब्याला, रस्त्यावर. मोठ्या तिखट कानाची आहेस तू. त्या दीडशहाण्या रिगझिनच्या लक्षात नाही आलं इतक्या वर्षांत — आलं असतं तरी मी थोडीच सांगणार होते. जाऊ दे, दगड काय नि बर्फ काय, पाय तर गेला. तू चहा घे आणि जा, पोरी. उद्याचं उद्या बघू.

नाही, बस. बस जरा. आता एवढं तोंडातनं गेलंच आहे तर. आम्ही आलो तोच घाट चढून आलीस ना तू? नांगपा-ला? त्या बर्फाच्या सपाटीवरनं, जिथं वारा उभं राहू देत नाही? मग तुला सांगायला हरकत नाही. इथल्यांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं, मला ते नको असतं. तुझ्या डोळ्यांत नाही आलं बघ. तुला ठाऊक आहे तिथं काय होतं ते. — पा-लांच्या पाठीवर होते मी. त्यांच्या छुबाच्या, त्या लांब अंगरख्याच्या आत, पाठीला बांधलेली, झोपलेली. पायात लोकरीचे लहानसे बूट, आमा-लानं शिवलेले. त्यातला एक पडला. झोपेत पाय झाडला असेन, काय असेल, पडला. अंधार, वारा, मागे वळून शोधायची सोय नाही, मागनं माणसं येतायत का शिपाई येतायत तेही कळायला मार्ग नाही. पा-लांनी हात मागे घालून चाचपलं तर पोरीचा पाय उघडा, गार दगड. ते तिथंच खाली बसले. उजव्या पायातला बूट काढला, आतलं सगळं लोकरीचं अस्तर उपसून काढलं, वरचा नळाही सुरीनं कापला आणि माझा पाय त्यात गुंडाळला. घट्ट. छातीशी धरून फुंकर घालून, चोळून, मग गुंडाळला. आणि स्वतः तेवढा चामड्याचा रिकामा तळ पायाला बांधून चालले. खाली थामे गावापर्यंत. तिथं पोचल्यावर म्हणे पहिल्यांदा माझे पाय उघडून बघितले, बोटं मोजली, आणि मग म्हणाले, माझ्या पायाला काय झालंय बघा जरा कुणीतरी.

मला कुणी सांगितलं? त्यांनी नाही! त्यांनी मरेपर्यंत दगडच सांगितला. लहानपणी मी विचारायचे ना, पा-ला, तुमची बोटं कुठं गेली, तर म्हणायचे, दगडाखाली राहिली, चंब्याला जाशील तेव्हा घेऊन ये. मी हसायचे. त्यांना अग्नी दिला, घरी आलो, आणि आमा-ला चुलीपाशी बसून म्हणाली, आता सांगते तुला, ते असेपर्यंत बंदी होती मला. पोरीला कळता कामा नये, ती आयुष्यभर पाय घट्ट धरून बसेल, नाचणार कशी — असं म्हणायचे म्हणे. आणि बरोबर म्हणायचे. त्यानंतर वर्षभर माझं पाऊल पडेना फळीवर. बूट घालायला बसले की रडू फुटायचं. म्हणून मीही दगडच सांगत आले सगळ्यांना. त्यांनी लपवलं ते मी कशाला उघडं करू? आज तुझ्यापुढं झालं खरं. तू आपली बसून राहतेस आणि मी आपली बोलत सुटलेय.

आता सांग मला, कसं हो म्हणू? कुंगोंना वाटतं म्हातारी अडून बसलीय, तिचा मान गेला म्हणून. माझा मान गेला चुलीत! अगं, त्यांचं थडगं नाही, समाधी नाही, राख नदीत गेली. फोटो एक आहे, त्यात चेहऱ्यावर सावली. घर तिकडे, गाव तिकडे, मी ते कधी बघणार नाही, या जन्मात तर नाहीच. त्यांचं म्हणून जे उरलंय ते एवढंच, की कुठंतरी शंभर पोरं एका वेळी उजवा पाय ओढतात. मी समोर उभी राहते, डोळे मिटते आणि तो आवाज ऐकते. ठक, ठक, स-र्र-र. ते स्वयंपाकघरातनं यायचे ना, तसाच. तसाच आवाज, छुन्झोम! आणि तो बंद करायला मी हो म्हणू? माझ्या तोंडानं? नाही व्हायचं माझ्याच्यानं. सांग जा त्यांना, नाही म्हणाल्या. काढून टाका म्हणावं मला खुशाल.

आता का रडतेस? मघाशी कोरडी ठणठणीत होतीस ना? ए पोरी. ए. काय झालं? — आजी? तुझ्या आजीनं शिकवलं तुला? — हं. फळीवर नाही, खळ्यावर. हात धरून. — आणि आता कशी आहे ती? — कधी? — या हिवाळ्यात? म्हणजे तू इथं पोचल्यावर? आणि तुला कळलं कधी? — आई गं. आणि मी परवा तुला सगळ्यांसमोर, कुठल्या रानातनं आलीस म्हणून — ये इकडे. ये म्हटलं ना, अशी जवळ बस. नाक पूस. माझ्या पदराला पूस, त्याला काय झालंय, लोण्याचेच डाग आहेत. म्हणजे तूही तेच करतेयस होय? मी इकडनं बापाचा पाय धरून बसलेय आणि तू तिकडनं आजीचा. आणि मध्ये तो रिगझिन मूळ रूप, मूळ रूप करत फिरतोय.

ऊठ. पलंगाखालची ती फळी ओढ बाहेर. ओढ, धूळ असेल, असू दे. बूट काढ. खालचा मास्तर आरडाओरडा करेल, करू दे, त्याचा रेडिओ आम्ही ऐकतो ना रोज. त्या खुंटीवरनं द्रान्येन दे मला. सांभाळून, खुंटी ढिली आहे. एक तार लागत नाही नीट, चालेल. आजीनं शिकवलं तसं कर. मला बघायचंय. नाही, कुंगोंसाठी नाही, ती वेगळी गोष्ट. तुझ्या आजीसाठी बघते. गेलेल्या बाईनं शिकवलेलं कुणीतरी बघायला नको का? चल. मी वाजवते. घे —

ठक, ठक — काय झालं? थांबलीस का? मी थांबले? छे, मी कुठं — परत घे. ठक, ठक — हो गं. मीच थांबले. माझा हात थांबतोय तिथं. बघ ना! पा-लांचा पाय मागनं यायचा, म्हणून वाजवणारा तिथं श्वासभर थांबायचा. मी तसंच शिकले, आणि सगळ्या वाजवणाऱ्यांना तसंच शिकवलं — इथं जरा दम धरा. का धरायचा, कुणाची वाट बघायची, कुणी विचारलं नाही. म्हणजे नुसता नाच नाही, गाणंही लंगडतंय आपलं. आणि मी तार लागत नाही म्हणून तारेला शिव्या घालतेय. परत. यावेळी नाही थांबत. नाही थांबायची म्हटलं ना! तू जा पुढे, मी येते मागनं धावत. घे —

हं. हं. ठक, ठक — आणि — काय केलंस ते?

ते काय होतं? तिसऱ्याला. परत कर. नुसतं तेवढंच. — उडी आहे तिथं? त्या ओढण्याच्या जागी उडी आहे? मला वाटलं, सरळ पाऊल असेल, नुसतं उचलून ठेवायचं. तू तर वर जातेस. अगदी वर, सगळं अंग घेऊन, आणि उतरतेस कशावर — पाय दाखव. उजवा. बोटांवर. बोटांवर उतरतेस तू, आणि बोटांवरच फिरतेस. टाच टेकतच नाही. सगळ्या गावातले असंच करतात? म्हातारेसुद्धा? पुरुषसुद्धा? — थांबू नकोस आता. मी वाजवतेय ना. कर. करत राहा. मी थांबत नाही, तूही थांबू नकोस.

आमा-ला म्हणायची, तुझ्या पा-लांना खळ्यावर नाचताना बघितलं आणि मी घरी जाऊन सांगितलं, देत असाल तर त्या पोराला द्या, नाहीतर मी गोम्पात जाऊन भिक्षुणी होईन. मी चिडवायचे तिला, म्हणायचे, या लंगड्या नाचावर भाळलीस होय? ती नुसती भाकरी उलटायची तव्यावर. मला वाटायचं, लाजली. अगं, ती लाजली नव्हती. तिनं हे बघितलं होतं. हे असं — मान ताठ, हात सुटे, आणि उजव्या पायावर अख्खा माणूस हवेत. माझे पा-ला हवेत! मी त्यांना जिना चढताना बघितलंय, कठड्याला धरून. खुर्चीत बसून हातानं फळी बडवून ताल देताना बघितलंय. उडी मारताना नाही बघितलं मी. कधीच नाही बघितलं, छुन्झोम. ते असे होते? माझ्या आधी ते असे होते? हे — हे सगळं काढून त्यांनी माझ्या पायाला गुंडाळलं?

बास. बास म्हटलं ना. पाय खाली ठेव.

बूट घाल. नाडी बांध नीट, पायऱ्या ओल्या आहेत. कुंगोंना सांग, हो म्हणाल्या. उद्या सकाळी सगळ्यांना उभं कर आणि असंच शिकव, उडीसकट. हसल्या तर माझं नाव सांग. आणि वाजवणाऱ्यांना म्हण, गेन-लांनी सांगितलंय, आता थांबायचं नाही. — नाही, मी नाही यायची उद्या. कशाला विचारतेस? नाही रडत मी. डोळ्याला पाणी येतं माझ्या, म्हातारपणाचं. जा तू.

थांब. एकदाच. तो उजवा पाय नुसता, एकदाच वर — नको. नको, राहू दे. जा गं बाई. जा म्हणतेय ना, जा.